गवतात सोडलेला

मी त्याला दोन्ही हातांत उचललं आणि रस्त्याकडेच्या गवतात सोडलं. घडलं ते एवढंच, जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. मेलबर्नला परतून आता तीन आठवडे झाले. इथे थंडीने बोटं आखडतात, सकाळी अंगणातलं गवत पांढरं दिसतं, आणि त्या उष्ण रात्रीचं काहीच आसपास उरलेलं नाही. तरी भांडी विसळताना, कणीक मळताना तो स्पर्श तळव्यात परत येतो. खरखरीत, कोरडा, दिवसभर तापलेल्या डांबरावर बसून कोमट झालेला एक जड गोळा. घाबरून त्याने माझ्या हातावर पाण्याची धार सोडली होती, तीही कोमट होती.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून पूर्वेला जाणारा आर्नहेम हायवे सोडून फॉग डॅम या जुन्या धरणाकडे वळलं की दिवे संपतात. मे महिना संपत आला होता, म्हणजे तिथला पावसाळा सरून कोरडे दिवस नुकते लागले होते. साप पाहायला निघायचं म्हणजे इथे रान तुडवायचं नसतं, रात्री सावकाश गाडी चालवायची असते. सूर्य बुडाला की माती लवकर निवते, डांबर मात्र ऊब धरून ठेवतं, आणि त्या उबेला साप येतात. आमची वाटाडी पन्नाशी उलटलेली, गेली तीस वर्षं याच भागात राहिलेली बाई. काटा ताशी तीसच्या वर जाऊ देत नव्हती. खिडक्या उघड्या होत्या. कुजलेल्या गवताचा, चिखलाचा आणि दूर कुठेतरी पेटलेल्या रानाचा वास एकत्र आत येत होता. मागच्या सीटवर माझी चौदा वर्षांची लेक मांडीवर टॉर्च घेऊन बसलेली. हेडलाइटच्या उजेडाच्या टोकाला एक काळसर ढेकूळ दिसलं, ते हललं, आणि मी ओरडले, ‘थांबवा!’ वाटाडीला वाटलं मला साप दिसला. गाडी पुरती थांबते न थांबते तोच मी दार उघडून खाली उतरले. पुढचं सगळं हातांनीच केलं. एक हात मागून, एक पुढून, ओंजळ, चार पावलं, गवत. आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री आमच्या घरातला प्रत्येक जण हे करायचा. मी ते कितीदा केलंय याची मोजदाद नाही. मध्ये विचार करायला जागाच नव्हती.

वळले तेव्हा वाटाडी शेजारी उभी होती. तिने मला काही विचारलं नाही. ती गवतात टॉर्चचा उजेड टाकत राहिली, काठीने पाती बाजूला सारत, बराच वेळ. मग टॉर्च खाली घेतला आणि म्हणाली, असू दे, पुढचा सापडेल. तिच्या डाव्या हातात एक जाड कापडी पिशवी होती. ती तिने घडी करून परत खिशात ठेवली. मला तोवरही उमगलं नव्हतं. गाडी सुरू झाल्यावर लेक मागून, मला दुखवायचं नाही अशा हलक्या आवाजात म्हणाली, ‘अगं आई, तो केन टोड होता.’

आणि मी त्याला वाचवलं होतं.

केन टोडची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. मी सोळा वर्षं या देशात राहतेय. लेकीच्या शाळेसाठी त्यावरचा तक्ता मीच तिच्याबरोबर बसून रंगवला होता. १९३५ साली उसाला लागणाऱ्या भुंग्यांचा बंदोबस्त म्हणून हवाईहून शंभरएक भेक, म्हणजे टोड, क्वीन्सलंडात आणले, केर्न्सजवळ गॉर्डनव्हेलला त्यांची वीण वाढवली आणि पिल्लं उसाच्या मळ्यांत सोडली. भुंगे उसाच्या शेंड्याला, भेक जमिनीवर. भुंग्यांचं काही बिघडलं नाही. भेक पसरत गेले. एक मादी एका खेपेला हजारोंनी अंडी घालते. सुरुवातीला वर्षाला दहाएक किलोमीटर सरकणारी त्यांची आघाडी उत्तरेत पोचेपर्यंत पन्नासवर गेली, कारण सगळ्यांत पुढे जे पोचत ते लांब पायांचे असत, आणि त्यांची वीण त्यांच्यातच होत गेली. २००१ मध्ये ते काकडूच्या राष्ट्रीय उद्यानात शिरले, २००५ मध्ये फॉग डॅमवर. त्यांच्या मानेमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, विष तिथे. या खंडावर त्याआधी बेडूक होते, भेक नव्हते. त्यामुळे असलं काही तोंडात धरलं की जीव जातो, हे इथल्या घोरपडींना किंवा क्वोल नावाच्या त्या ठिपकेदार, मांजराहून लहान शिकारी जनावराला पिढ्यान्‌पिढ्यांत कधी कळायची वेळच आली नव्हती. तक्त्यावर मी तो भेक तपकिरी रंगात काढला होता, ग्रंथींना वेगळी छटा देऊन, बाणाने नाव दाखवून. इतकं सगळं माहीत होतं. रस्त्यावरचा मात्र माझ्या हातांना आंबोलीचा वाटला. हातांनी मला विचारलंच नाही.

माझं बालपण सावंतवाडीचं, आणि मामाचं घर वर आंबोलीत. जूनच्या शेवटी तिथे गेलं की घरात धुकं शिरलेलं असायचं, खरोखरच माजघरात, कंदिलाभोवती. अंथरुणं ओलसर, चुलीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळत घातलेले कपडे, आणि त्या कपड्यांना मग चार दिवस धुराचा वास. पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री रस्त्यावर भेक निघायचे, अंगठ्याएवढे, पिवळट, कुशीवर पट्टे ओढल्यासारखे. तेव्हा त्यांना कुणी नाव दिलेलं नव्हतं. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ती वेगळी जात म्हणून नोंदवली. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळपास कुठेच नाही. आम्हाला इतकंच माहीत होतं की रस्त्यावर ते मरतात. मामाची जीप घाट चढत असेल तर मामा स्वतः खाली उतरून टॉर्च घेऊन पुढे चालायचा आणि आम्ही मुलं त्याच्या मागे. लहानग्याला एकदम हाताने धरायचं नाही, तो चिरडतो. आधी त्याच्या मागे जमिनीलगत टाळी वाजवायची. नाहीच हलला तर ओंजळ. पावसाच्या आवाजात त्या टाळ्या ऐकू येत नसत, तरी भेक उड्या मारत. शनिवार-रविवारी कोल्हापूरकडून धबधब्याला येणाऱ्या गाड्यांची रांग लागायला लागली तसा मामा जास्त रात्री बाहेर राहायला लागला. सकाळी अंगणात त्याच्या चपला धुतलेल्या दिसायच्या. मामी म्हणायची, रात्रभर कुणाचं सोयर उरकून आले.

आजी वेगळी होती. ती वडिलांची आई, वाडीतल्या आमच्या घरात राहायची आणि तिला कुठल्याच जनावराचा कळवळा नव्हता, निदान लहानपणी मला तसं वाटायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. विहिरीच्या पायरीवर दिवड दिसला, चौकटी-चौकटीचा, तोंडात बेडूक. बेडूक ओरडत होता. बेडूक ओरडतो तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, तान्ह्या मुलाच्या जवळ जाणारा तो आवाज असतो. मी काठी घेऊन धावले. आजीने माझं मनगट धरलं. ‘तेचा जेवाण ता. तू कित्याक मदी पडतंस?’ मी रडायला लागले तर म्हणाली, ‘घाबारतंस कित्याक गो? दिवड तो. चावलो तरी काय जावचा नाय.’ मला भीती वाटतच नव्हती. मला बेडकाचं वाईट वाटत होतं, आणि ते तिला कळलं नाही म्हणून मी आणखी रडले. त्याच आजीने त्याच वर्षी गोठ्यामागच्या चिऱ्यांत निघालेलं फुरसं कोयत्याच्या मुठीने ठेचलं. एका फटक्यात. वर माती लोटली, हात धुतले आणि भाकऱ्या थापायला बसली. आणि तीच आजी पहिल्या पावसात गॅसबत्ती आणि पोती घेऊन शेतात बेडूक पकडायला येणाऱ्या पोरांना बांधावर उभी राहून नावानिशी शिव्या द्यायची. ते बेडूक गोव्यापर्यंत जायचे, हॉटेलांत. त्यांनी सगळे बेडूक नेले तर भातावरची कीड तुमचा बाप खाणार का, असं ती विचारायची.

म्हणजे एकाला हात लावायचा नाही, एकाला ठेचायचं, एकासाठी भांडायचं. मला मामाची टाळी आवडायची, कारण ती सगळ्यांसाठी सारखी होती. आजीचा हिशोब मला कळत नसे. तो तिने मांडूनही दाखवला नाही. तिला प्रत्येक जनावर कुठे राहतं, काय खातं, कुणाच्या पोटात जातं हे माहीत होतं आणि तिचे हात त्याप्रमाणे चालत. मामालाही माहीत होतं म्हणा. तो फक्त त्या एका रस्त्यावरच्या त्या एका जीवासाठी उतरायचा, ते मला तेव्हा वेगळं काढता आलं नाही. मी त्याच्याकडून टाळी आणि ओंजळ उचलली, आणि ती सोळा वर्षं सामानात घेऊन फिरले.

दुसऱ्या दिवसापासून काकडू. त्याबद्दल काय आणि किती लिहावं कळत नाही. वीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा तो मुलूख चार दिवसांत पाहिला असं म्हणणं खोटं होईल. काही गोष्टी मात्र मला घरच्यासारख्या वाटल्या, आणि त्याने मी हुरळले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं माणसाहून उंच गवत शेवटच्या वादळांनी आडवं पाडलेलं, कणसांची टोकं वाळलेली. ती रानटी ज्वारी, आपल्या जोंधळ्याची चुलतबहीण. पाणथळीत रानटी भात. यलो वॉटरवर पहाटेच्या होडीत धुकं विरलं तेव्हा समोर गुलाबी कमळं उमललेली, तीच, आपल्या देवघरातली, आणि त्यांच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, मागे चेंडूएवढी पिल्लं. काळ्या मानेचा करकोचा एका पायावर उभा होता. भारतात तो आता किती कमी दिसतो हे मी लेकीला सांगत होते आणि ती होडीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर तरंगणाऱ्या दोन डोळ्यांकडे बघत होती. मगर खूप वेळ हलली नाही. १९७१ मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा नॉर्दर्न टेरिटरीत खाऱ्या पाण्याच्या मगरी तीनएक हजार उरल्या होत्या, आज लाखाच्या वर आहेत. होडी चालवणारा म्हणाला, ती तुम्हाला कधीची मोजतेय. लेकीने हात आत घेतला.

आणि ऋतू सहा. काकडूचे मूळ रहिवासी, उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय लोक, वर्षाचे सहा भाग करतात. आम्ही गेलो तो येग्गे, धुक्याचा, कमळांचा, ठिकठिकाणी रान जाळायला सुरुवात करण्याचा. सहा म्हटल्याबरोबर मी वसंत, ग्रीष्म म्हणून दाखवायला लागले होते, पण हे जुळवून बघणं लगेच अडखळलं. त्यांच्यात महिन्यांच्या तारखा नाहीत. आता कुठलं गवत वाकलं, कुठला किडा दिसला, कुठल्या झाडाला फूल आलं, त्यावरून ऋतू बदलला की नाही ते ठरतं. आपल्याकडेही हे होतंच कधीतरी. पावशा ओरडला की आजी बियाण्याची कणगी उघडायची. मला ऋतूंची नावं पाठ आहेत, पावशा कुठे बसून ओरडतो ते मला दाखवता येणार नाही.

रान जाळणं पाहताना मी प्रथम अस्वस्थ झाले. आग म्हटली की मेलबर्नच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण ही आग गुडघ्याएवढी होती, गवत चघळत सावकाश चाललेली. आत्ता, गवत अर्धं ओलं असताना थोडं थोडं जाळलं की पुढे कडक उन्हाळ्यात सगळं एकदम पेटत नाही. जळत्या पट्ट्यावर घारी घिरट्या घालत होत्या, वीस-पंचवीस तरी. अगदी आपल्या घारी, मुंबईच्या मासळीबाजारावर असतात त्याच जातीच्या. आगीपुढे पळणारे टोळ, सरडे, सापसुरळ्या त्या उचलत. आणि वाटाडीने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्यावर चिरडलेले केन टोड सकाळी पाहिले तर कितीतरींची जीभ नसते. घार येते, नेमकी जीभ खाते, विषारी कातडीला स्पर्श करत नाही आणि निघून जाते. तिला हे कुणी सांगितलं? इथे टोड येऊन उणीपुरी वीस वर्षं झाली होती. घारीने तेवढ्यात शिकून घेतलं.

घोरपड मात्र आम्हाला दिसली नाही.

घोरपडीला दोर बांधून गड चढल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी, मला इथल्या पिवळ्या ठिपक्यांच्या थोरल्या घोरपडी बघायच्या होत्या, दीड मीटरच्या, मागच्या पायांवर उभ्या राहून टेहळणी करणाऱ्या. वाटाडीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दिसली तर नशीब. टोड येण्याआधी त्या तिच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या मागे लागायच्या, सहलीच्या जागी लोकांच्या ताटात तोंड घालायच्या. टोडची आघाडी आली त्या पावसाळ्यात तिने पहिली मेलेली पाहिली, रस्त्याच्या कडेला, जबडा अर्धवट उघडा. मग दुसरी. मग ती मोजायची थांबली, आणि पुढच्या वर्षी मोजायला काही उरलंच नव्हतं. टोड पोचले तिथे या जातीच्या दहातल्या नऊ आणि त्याहून जास्त घोरपडी गेल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. हे सांगताना तिचा आवाज सपाट होता. ती बोलत असताना तिच्या बाजूच्या खिडकीतून गवत मागे जात होतं आणि मी माझ्या हातांकडे बघत होते.

उबिरच्या जुन्या चित्रांच्या कातळावर गेलो. संध्याकाळ होती, दगड पाठीला गरम लागत होता. बारामुंडी मासे, कासवं, आतली हाडं-आतडी दिसतील अशी रंगवलेली. उंचावर एक पट्ट्यापट्ट्यांचं जनावर आहे, टास्मानी वाघ. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो किमान दोन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कातळावर आहे. ज्याने तो काढला त्याने शेपटीचा ताठपणा बरोबर पकडलाय. त्याला ते जनावर नीट माहीत होतं. लेक म्हणाली, ‘आई, घोरपडीचं चित्र पण असेल ना इथे कुठेतरी?’ असेल, मी म्हटलं. मला तिथे जास्त वेळ थांबवेना.

मग पिशवी माझ्या हातात आली. काकडूहून परत फॉग डॅमकडे आलो त्या रात्री. वाटाडी गाडी थांबवून म्हणाली, तुम्हाला नको असेल तर मी घेते. मी उतरले. टॉर्चखाली नीट पाहिलं या वेळी. डोळ्यांवरून नाकाकडे येणारी हाडाची धार, कातडीवर कोरडे फोड, मानेमागे त्या दोन ग्रंथी. डोळा सोनेरी होता, सुंदर. पिशवी उलटी करून हातावर चढवली, तो धरला, पिशवी सुलटी केली. तेवढंच वजन, तीच ऊब. वाटाडीच्या घरी गॅरेजमध्ये एक जुना फ्रिज आहे. आधी खालच्या कप्प्यात ठेवायचं, गारव्याने तो सुस्त होत जातो, झोपतो. दुसऱ्या दिवशी वर, बर्फाच्या कप्प्यात. पूर्वी लोक काठ्यांनी, गोल्फच्या दांड्यांनी मारत. ही पद्धत त्याला कमी त्रासाची. डब्याचं झाकण लावताना आत पिशवी एकदा हलली. रात्रभर मला झोप लागली नाही. ते बरोबर होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि झोप लागली नाही, या दोन्ही गोष्टी तशाच शेजारी शेजारी आहेत. आजीला फुरसं मारल्यावर झोप लागत असे का, हे विचारायचं राहून गेलं.

मेलबर्नला आल्यावर आमच्या मित्रमंडळींत हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, म्हणजे टोड आपल्यासारखाच की, बाहेरून आलेला. सगळे हसले. मला ते लागलं आणि पटलंही नाही. त्याला पेटीत घालून आणलं, मी तिकीट काढून आले. त्याला इथलं शिकून घ्यायची सोय नाही. तो फक्त खातो आणि अंडी घालतो. मला शिकता येत होतं. घोरपडीलासुद्धा शिकता येतं. पश्चिमेला किंबर्लीत शास्त्रज्ञ टोडची आघाडी यायच्या आधीच पुढे जाऊन मुद्दाम टोडची लहान पिल्लं सोडतात. पिल्लात विष थोडं. घोरपड ते खाते, आजारी पडते, ओकते, जगते आणि पुन्हा टोडच्या वाटेला जात नाही. एका आजारपणात तिला जे कळतं, ते मी सोळा वर्षं तक्त्यावर ठेवलं होतं.

शेवटच्या रात्री फॉग डॅमच्या भिंतीवरून गाडी नेली. मगरींमुळे तिथे पायी जायला बंदी आहे, गाडीतच बसून राहायचं. हे धरण १९५० च्या दशकात भातशेतीसाठी बांधलं. हम्प्टी डू नावाच्या त्या भागात हजारो एकर भात पिकवून आशियाला विकायचा बेत होता. पाण्याचा निचरा जमला नाही, खार आली, आणि मॅगपाय गीज नावाचे काळे-पांढरे हंस हजारोंनी उतरून भात खात राहिले. बेत काही वर्षांतच गुंडाळला. पाणी राहिलं. त्या पाण्याने आता एवढं सगळं जगतंय, माणसाने न योजलेलं. भिंतीवर हेडलाइटमध्ये एक पाण-अजगर आडवा पसरला होता, आमच्या गाडीच्या रुंदीएवढा. इथे गाळातले उंदीर खाऊन हे अजगर इतके होतात की अभ्यासक वर्षानुवर्षं त्यांच्या मागावर राहिले. वाटाडीने इंजिन बंद केलं. तो तपकिरी दिसत होता, पण सरकायला लागला तसे त्याच्या अंगावरून रंग वाहायला लागले, रॉकेल सांडलेल्या डबक्यावर येतात तसे, निळे-जांभळे. त्याला रस्ता पार करायला किती मिनिटं लागली ते मी पाहिलं नाही. लेकीने माझा हात धरून ठेवला होता, तिने तो बऱ्याच वर्षांनी धरला होता.

भिंत ओलांडून मागे फिरलो. रस्त्याच्या कडेला वाटाडीने पुन्हा थांबवलं आणि काही न बोलता टॉर्च रोखला. हाताच्या बोटाएवढ्या जाडीचा साप, अंगभर खवल्यांची बारीक कणा-कणा धार, पिवळट-करडा, त्यावर पुसट आडव्या रेघा. तोंडात टोड. लहान, पण टोडच, ग्रंथी दिसत होत्या. मागचे पाय बाहेर लोंबत होते. मला विहिरीची पायरी दिसली. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही, ती शेवाळलेली पायरी मला तिथे डांबरावर दिसली. ‘मरेल आता तो?’ लेकीने विचारलं. नाही, वाटाडी म्हणाली, हा कीलबॅक, या खंडावर हा एकटाच साप आहे जो लहान टोड गिळून जगतो. याचे पूर्वज आशियातून आलेत. तिथे भेक होतेच, त्यांच्या विषाशी याच्या वंशाची ओळख जुनी आहे. मी म्हटलं, आमच्याकडे याचा चुलतभाऊ आहे, दिवड म्हणतात. तिने तो शब्द म्हणून पाहिला, ‘दिवद’. लेकीने दुरुस्त केला. सापाने जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवला. टोड ओरडला नाही. किंवा ओरडला असेल, गाडीची खिडकी अर्धी वर होती. तेचा जेवाण ता, मी मनात म्हटलं, आणि मग मोठ्यानेही म्हटलं, आणि लेकीला मालवणी येत नाही तरी तिने काय ते विचारलं नाही. आम्ही पाय आत जाईपर्यंत बघत बसलो.

हायवेला लागायच्या आधी, बहुधा तोच तुकडा असेल जिथे मी पहिल्या रात्री उतरले होते, पुन्हा एक ढेकूळ. गाडी थांबली. पिशवी या वेळी लेकीकडे होती. ती उतरली, मीही दुसऱ्या बाजूने उतरले, पण दाराला धरून उभी राहिले. तिने टॉर्च तिरका धरला, गुडघे टेकले, मान अगदी खाली नेली. डोळ्यांवर धार आहे का. मानेमागे काही आहे का. बराच वेळ गेला. ‘नाही,’ ती म्हणाली, ‘गुळगुळीत आहे, ठिपके आहेत. हा इथला बेडूक आहे.’ वाटाडी खिडकीतून वाकून बघत होती, तिने मान हलवली. मग लेकीने पिशवी काखेत मारली, दोन्ही हात त्याच्या मागे जमिनीलगत नेले आणि टाळी वाजवली. ती मी तिला कधी दाखवली, आठवत नाही. बेडूक एक उडी मारून पुन्हा रस्त्यातच बसला. मागून दूरवर एका गाडीचे दिवे दिसायला लागले होते. तिने परत टाळी वाजवली.